आईची झोप आणि फ्रिजमधल्या तीन कुप्या

पारिजात (रविवार, रात्री १०.४०)

मंडळी, लांबलचक लिहितेय, पण वेळ काढून वाचा.

आई ७१ वर्षांची आहे, साताऱ्याला एकटी राहते. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. गेलं वर्षभर तिची झोप पार बिघडलीये. साडेनऊला अंथरुणाला पाठ टेकते, लगेच डोळा लागतो आणि अडीचच्या सुमारास टक्क जागी. बाथरूमला जाऊन येते, मग देवघरासमोर जपमाळ घेऊन उजाडायची वाट बघत बसते. दिवसा खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या. हल्ली गॅसवर दूध ठेवून विसरते, परवा भाजीवालीला दोनदा पैसे दिले. माझ्या आजीला शेवटची पाच वर्षं आमच्यापैकी कुणीच ओळखू येत नव्हतं. गणपतीत गेले होते तेव्हा भांडी विसळता विसळता आईने विचारलं, "माझंही आक्कासारखंच होणार का गं?" काय उत्तर देणार होते मी?

तिथल्या डॉक्टरांनी रात्री अर्धी अल्प्राझोलाम दिली. झोप लागली, पण पहाटे तोल जाऊन बाथरूमच्या चौकटीवर आपटली, कपाळाला खोक पडली.

भाऊ डॅलसला असतो. दिवाळीत आला तेव्हा बर्फाच्या पाकिटात तीन छोट्या कुप्या घेऊन आला. दोन डीएसआयपीच्या, ५ मिलीग्रॅमच्या, आणि एक एपिटॅलॉनची. तळाशी चिमूटभर पांढरा थर, वर निळं झाकण. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलंय की फक्त संशोधनासाठी, माणसांना देण्यासाठी नाही. त्याचं म्हणणं असं की पहिल्याने गाढ झोप येते, गाढ झोपेत मेंदू धुऊन निघतो आणि दुसऱ्याने मेंदूचं म्हातारपण लांबतं. त्याचंही आईवर तेवढंच प्रेम आहे, म्हणून भांडायला जीव होत नाही. कुप्या माझ्या फ्रिजच्या दारात लिंबाच्या लोणच्याशेजारी पडून आहेत. कुणाला यातलं नीट माहीत आहे का?

माळरान (रविवार, रात्री ११.०५)

पारिजात, आधी एक कर. कुपी फोडू नकोस. बाकी सावकाश बोलू.

ऱ्हाइनकाठ (सोमवार, पहाटे २.१५)

मी स्वित्झर्लंडमधल्या बासेलला राहते, म्हणून या रेणूबद्दल जरा जास्त आपुलकी आहे. डीएसआयपी म्हणजे डेल्टा स्लीप इंड्युसिंग पेप्टाइड (पेप्टाइड म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्यासारखा रेणू), आणि त्याचं माहेर हेच गाव.

पण गोष्ट त्याआधी सुरू होते. शंभरेक वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये आंरी पिएरों यांनी कुत्र्यांना दिवसचे दिवस जागं ठेवलं आणि त्यांच्या मेंदूभोवतीचं पाणी ताज्यातवान्या कुत्र्यांना टोचलं. ती कुत्री झोपून गेली. जपानात इशिमोरींनीही त्याच सुमारास असाच प्रयोग केला होता. म्हणजे जागरणाने मेंदूत काहीतरी साठतं आणि ते दुसऱ्याला देता येतं. ते 'काहीतरी' हाती लागावं म्हणून बासेलमध्ये मार्सेल मॉनिए आणि ग्विडो शोएनेनबर्गर यांनी वर्षानुवर्षं घालवली. सशाच्या मेंदूतल्या थॅलॅमसला हलका विद्युतप्रवाह देऊन त्याला झोपवायचं, त्या वेळी मेंदूतून परतणारं रक्त घेऊन त्यातला नेमका अंश वेगळा करायचा, तो दुसऱ्या सशाला द्यायचा आणि त्याच्या ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावर, डेल्टा लाटा, म्हणजे गाढ झोपेच्या संथ, उंच लाटा, वाढतात का ते बघायचं. १९७७ मध्ये त्यांनी रचना जाहीर केली. फक्त नऊ अमिनो आम्लांची माळ, ट्रिप्टोफॅनपासून सुरू होऊन ग्लुटॅमिक आम्लावर संपणारी. इन्सुलिनमध्ये ५१ असतात, त्यावरून किती चिमुकला आहे बघा.

ते वाचताना अजूनही अंगावर काटा येतो. झोपेचा रेणूच सापडला असं तेव्हा वाटलं असणार.

पण पुढे घोडं अडलं ते अडलंच. शरीरात निरोप पोहोचवणारं पेप्टाइड सहसा कुठल्या तरी जनुकावरून तयार होतं, पेशीवरच्या कुठल्या तरी ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, जाऊन चिकटतं. डीएसआयपीचं जनुक सापडलं नाही, ग्राहकही सापडला नाही. २००६ मध्ये कोव्हाल्झोन आणि स्ट्रेकालोवा या दोन संशोधकांनी सगळा विदा मांडून त्याला 'न सुटलेलं कोडं' म्हटलं. आता ओरेक्सिन बघा. तेही मेंदूतलं पेप्टाइड, १९९८ मध्ये सापडलं, जागं ठेवणारं. त्याचं जनुक माहीत, दोन्ही ग्राहक माहीत, म्हणून ते ग्राहक अडवणारं सुवोरेक्संट हे औषध २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूरही झालं. सोळा वर्षांत. डीएसआयपीला पन्नास होत आली.

पारिजात (सोमवार, सकाळी ७.३०)

ऱ्हाइनकाठ, किती छान समजावलंत. मग माणसांवर कधी वापरलंच नाही का?

ऱ्हाइनकाठ (सोमवार, दुपारी १.२०)

वापरलं. १९८० च्या दशकात युरोपात निद्रानाशाच्या रुग्णांना शिरेतून देऊन पाहिलं, सुरुवातीचे निकाल उत्साहाचे होते. दारू आणि अफूजन्य पदार्थ सोडताना होणारा त्रास कमी होतो का, तेही तपासलं. मग १९९२ मध्ये जुन्या निद्रानाशाच्या १६ रुग्णांवर डबल ब्लाइंड चाचणी झाली, म्हणजे कुणाला खरं आणि कुणाला खोटं हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही. झोप थोडी सुधारली, पण परिणाम इतका क्षीण होता की थोड्या दिवसांच्या उपचारातून फारसा फायदा संभवत नाही असंच खुद्द संशोधकांनी लिहिलं. तिथून पश्चिमेत कुणी मोठी चाचणी हाती घेतली नाही. रशियात मात्र डेल्टारान नावाने त्यावर काम होत राहिलं. २०२१ मध्ये तिथल्या गटाने पक्षाघात घडवलेल्या उंदरांना नाकातून दिलं, तर त्यांची हालचाल लवकर सुधारली, पण मेंदूचा मेलेला भाग फारसा लहान झाला नाही. मेंदूच्या बाजूने जे आहे ते हे असं आहे. उंदीर, आणि तेही पक्षाघाताचे.

एकटा_पथिक (सोमवार, रात्री ८.५०)

न्यू जर्सीहून. दुसरी बाजूही यावी म्हणून लिहितो. मी ४६ वर्षांचा, दोन वर्षांपूर्वी डीएसआयपी तीन महिने घेतलं. घड्याळावर गाढ झोप ४० मिनिटांवरून ७०-७५ वर गेली. सकाळी उठल्यावर डोकं हलकं वाटायचं. काही त्रास झाला नाही. जे माझ्या बाबतीत घडलं ते घडलं, ते मी नाकारू शकत नाही.

नाडी (सोमवार, रात्री ९.४०)

पथिक, तुमचा अनुभव खोटा आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. तुम्हाला बरं वाटलं, त्याचा आनंदच आहे. फक्त दोन गोष्टी विचारतो. मनगटावरचं घड्याळ हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं, डेल्टा लाटा दिसतात त्या डोक्याला तारा लावून. आणि त्या तीन महिन्यांत आणखी काय बदललं होतं?

एकटा_पथिक (मंगळवार, पहाटे ५.१०)

खरं सांगायचं तर रात्रीची वाइन बंद केली होती, आणि टोचून घ्यायचं म्हणून रोज बरोबर साडेदहाला झोपायची शिस्त लागली होती. याचा असा विचार केला नव्हता.

किमयागार (मंगळवार, सकाळी ११.००)

वीस वर्षं पेप्टाइड बनवण्यात गेलीत, नवी मुंबईत. कुपीत काय असतं यावर बोलतो, कारण यावर कुणी बोलत नाही आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

एवढं छोटं पेप्टाइड बनवणं कठीण नाही. मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये रीत दाखवली, त्यासाठी १९८४ चं नोबेल मिळालं. राळेच्या बारीक मण्यांवर एकेक अमिनो आम्ल चढवत जायचं आणि शेवटी माळ तोडून घ्यायची. तोडायला टीएफए नावाचं जहाल आम्ल लागतं. मग एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, शुद्ध करायचं आणि गोठवून वाळवायचं. तळाशी पांढरा थर दिसतो तो हा. आम्ही त्याला केक म्हणतो.

संशोधनासाठी विकलेल्या कुपीबरोबर '९९ टक्के शुद्ध' असा कागद येतो. तो एचपीएलसीचा. म्हणजे पेप्टाइडसारखे जे पदार्थ त्यात आहेत त्यांतले ९९ टक्के हवे ते आहेत. कुपी निर्जंतुक आहे की नाही याबद्दल तो कागद अवाक्षर काढत नाही. एंडोटॉक्सिनबद्दलही नाही. एंडोटॉक्सिन म्हणजे मेलेल्या जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे. उकळून जात नाहीत, गाळून सहज निघत नाहीत, आणि टोचल्यावर थंडी वाजून ताप येतो, रक्तदाब कोसळू शकतो. टोचायच्या औषधाची प्रत्येक बॅच यासाठी तपासावी लागते. 'संशोधनासाठी' असं लिहिलं की ते बंधन उरत नाही. लेबलवरच्या त्या ओळीचा अर्थ एवढाच आहे.

एपिटॅलॉनचं आणखी एक. त्यात चारच अमिनो आम्लं, ॲलानिन, ग्लुटॅमिक, ॲस्पार्टिक, ग्लायसिन. शेवटची जी जोडी आहे ना, ॲस्पार्टिक-ग्लायसिन, ती आमच्या धंद्यात बदनाम आहे. बनवताना आणि साठवताना ती वळते आणि वेगळ्या आकाराचा रेणू तयार होतो. त्याचं वजन मूळ रेणूइतकंच, त्यामुळे नुसत्या वजनाच्या तपासणीत तो सापडत नाही.

आणि पारिजात, आता सगळ्यात महत्त्वाचं. भावाने सिरिंजही आणल्यात का? नसतील आणि तुम्ही कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून इन्सुलिनची सिरिंज आणणार असाल तर थांबा. अमेरिकेतले सगळे तक्ते १०० युनिट म्हणजे एक मिली या हिशोबाचे. आपल्याकडे लाल टोपणाची ४० युनिटची सिरिंज सर्रास मिळते, तिच्यात ४० युनिट म्हणजे एक मिली. ५ मिलीग्रॅमच्या कुपीत दोन मिली पाणी घातलं आणि तक्त्यात '१० युनिट' लिहिलंय म्हणून लाल टोपणवाल्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरलं, तर २५० मायक्रोग्रॅमऐवजी ६२५ गेले. अडीचपट. इन्सुलिनच्या बाबतीत हीच गल्लत होऊन माणसं बेशुद्ध पडलेली ऐकली आहेत.

माळरान (मंगळवार, सकाळी ११.२५)

किमयागार, सिरिंजचा हा मुद्दा घरातल्या सगळ्या मधुमेहींना वाचून दाखवला. मनापासून आभार.

पारिजात (मंगळवार, दुपारी ३.००)

वाचून हात गार पडले. सिरिंज आणल्या नव्हत्या, मी मेडिकलमधूनच आणणार होते. एपिटॅलॉनबद्दल भाऊ म्हणतो की त्यावर रशियात चाळीस वर्षं काम झालंय. त्याचं काय?

नाडी (मंगळवार, रात्री १०.१५)

काम झालंय हे खरं. सेंट पीटर्सबर्गचे व्लादिमीर खाविन्सन, २०२४ मध्ये गेले, त्यांनी आयुष्य यात घातलं. आधी गुरांच्या मेंदूतल्या पीनियल ग्रंथीचा अर्क, एपिथॅलामिन, आणि मग त्यावरून बेतलेलं हे चार मण्यांचं पेप्टाइड. मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरकही पीनियलमधूनच येतं आणि वयाबरोबर कमी होतं, म्हणून झोप आणि म्हातारपण ही सांगड घातली गेली. २००३ मध्ये त्यांनी प्रयोगशाळेतल्या मानवी पेशींत टेलोमरेज हे गुणसूत्रांची झिजलेली टोकं लांबवणारं विकर यामुळे सुरू होतं असं दाखवलं. उंदरांच्या एका अभ्यासात सरासरी आयुष्य वाढलं नाही, मात्र जे सर्वात जास्त जगले त्यांचं आणखी थोडं वाढलं. पण बहुतेक काम एकाच संस्थेच्या वर्तुळातलं. दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या लोकांनी मोठ्या, नीट आखलेल्या मानवी चाचणीत ते पडताळलेलं नाही. आणि टेलोमरेज सुरू होणं ही निव्वळ आनंदाची बातमी नसते. बहुतेक कर्करोगांच्या पेशी त्याच जोरावर अमर होतात. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, औषधं स्वतः बनवून देणाऱ्या फार्मसींसाठी जी धोक्याची यादी काढली, तिच्यात एपिटॅलॉन आणि डीएसआयपी दोन्ही होती.

'मेंदू धुऊन निघतो' हे वाक्यही जरा तपासून घेऊ. २०१३ मध्ये रॉचेस्टरच्या मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने झोपलेल्या उंदरांच्या मेंदूत पेशींमधली जागा सुमारे ६० टक्क्यांनी रुंदावते आणि कचरा वेगाने वाहून जातो असं दाखवलं. सगळीकडे तेच सांगितलं जातं. २०२४ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या गटाला उंदरांतच उलट दिसलं, झोपेत निचरा कमी होतो असं. वाद चालू आहे. ब्रिटनमधल्या सुमारे ८,००० सरकारी नोकरांना २५ वर्षं पाहिलं तेव्हा पन्नाशी, साठी, सत्तरीत सतत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सुमारे ३० टक्के जास्त दिसला. झोपेचा मेंदूशी संबंध आहेच. पण टोचून आणलेल्या झोपेने तो धोका कमी होतो हे कुणी दाखवलेलं नाही.

आता तुमच्या आईबद्दल. धागा सुरू झाल्यापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. आई घोरते का?

पारिजात (मंगळवार, रात्री १०.४०)

नाही बहुतेक. तिने कधी सांगितलं नाही.

नाडी (मंगळवार, रात्री १०.५५)

ती एकटी झोपते. मग सांगणार कोण?

मध्यरात्रीनंतर जाग, उठल्याबरोबर लघवीला जावं लागणं, दिवसा बसल्या जागी डुलक्या, विसराळूपणा. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असाच दिसतो. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये तो बराच वाढतो, आणि सडपातळ बाईला कसा असेल म्हणून राहून जातो. रात्रीच्या उत्तरार्धात स्वप्नांची झोप जास्त असते, त्या वेळी घशाचे स्नायू सगळ्यात ढिले पडतात, म्हणून अडीच-तीनची वेळ. अशा माणसाला अल्प्राझोलाम दिली तर घसा आणखी ढिला पडतो, तोल जातो तो वेगळाच. मात्र गोळी एका झटक्यात बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवा. एक रात्र आईच्या खोलीत झोपा. नुसतं ऐका.

बरोबर बी१२, थायरॉइड, साखर, रक्तदाब बघून घ्या. कानही तपासा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली, त्यात कमी ऐकू येणं आहे, नजर आहे, एकटेपणा आहे. त्या सगळ्यांचा मिळून वाटा सुमारे ४५ टक्के धरलाय.

अण्णा_मिरज (बुधवार, पहाटे ५.३०)

पारिजातताई, मी ७४ चा. माझा निद्रानाश श्वासाचा नव्हता, काळजीचा होता, तरी सांगतो. मिरजेतल्या एका डॉक्टरीणबाईंनी मला सहा आठवडे वहीत झोप लिहायला लावली. मी नऊला आडवा व्हायचो आणि साडेपाचला उठायचो, झोप मात्र पाचच तास. त्या म्हणाल्या, काका, अंथरुणात साडेपाचच तास राहायचं, बारा ते साडेपाच. पहिले दहा दिवस जीव नकोसा झाला. संध्याकाळी आठला डोळे मिटायला लागायचे, बायको मला अंगणात फेऱ्या मारायला लावायची. तिसऱ्या आठवड्यात बाराला पडलो तो थेट पाचला जागा. मग दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवून मिळाली. याला सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे निद्रानाशावरची सवयी आणि विचार बदलणारी उपचारपद्धती. गोळ्यांच्या आधी हे करा, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलंय म्हणे. पण दिवसा पेंग येत असेल तर हे आपल्या मनाने करू नका, आधी श्वासाचं बघा. नाडी सांगतात ते बरोबर आहे.

पारिजात (तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९.१५)

उशीर झाला, पण सगळं एकदम सांगायचं होतं.

त्या शुक्रवारी साताऱ्याला गेले. आईच्या खाटेशेजारी गादी टाकली. अकरापर्यंत काही नाही, हलकं घोरणं. दीडनंतर आवाज एकदम थांबला. मी मोबाइलच्या घड्याळात बघत होते. वीस सेकंद, पंचवीस, अठ्ठावीस. मग पाण्यातून वर आल्यासारखा मोठा श्वास, आणि पुन्हा तेच. मी अंधारात तिचा हात धरून बसले होते. तिला काही पत्ता नव्हता.

घरीच बोटाला आणि नाकाला लावायचं यंत्र मिळालं, एक रात्र ठेवलं. तासाला ३४ वेळा श्वास अडकत होता. तिशीच्या पुढे म्हणजे तीव्र. सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र, सुरू होऊन बारा दिवस झालेत. बी१२ सुद्धा फार खाली होतं, इंजेक्शनं चालू आहेत. विसराळूपणाची चाचणी तीन महिन्यांनी करू म्हणालेत, झोप स्थिरावल्यावर. तोवर त्याबद्दल मी काही बोलणार नाही, आईलाही तेच सांगितलंय. अल्प्राझोलाम निम्म्यावर आलीये.

भावाला तो आवाज पाठवला, रेकॉर्ड केला होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर यंत्राचे पैसे त्यानेच भरले. कुप्या किमयागार यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारल्याप्रमाणे न फोडता औषधांच्या कचऱ्यात दिल्या.

परवा सकाळी सहाला रोजच्यासारखा फोन केला, आईने उचलला नाही. तीनदा केला. घाबरून शेजारच्या काकूंना पाठवलं. त्यांनी मागच्या खिडकीतून पाहिलं आणि मला हळूच सांगितलं, "अगं, झोपलीये."

एक अडचण आहे. मास्कची पट्टी नाकाच्या हाडावर रुतते, लाल वळ उठलाय, आणि पहाटे ती झोपेतच मास्क काढून टाकते. नाकपुडीखाली बसणारा मास्क कुणी वापरलाय का? साताऱ्यात किंवा पुण्यात लावून बघून घेता येईल अशी जागा माहीत असेल तर कृपया व्यनि करा.

नाडी (शनिवार, रात्री ९.५०)

व्यनि केलाय. आणि तोवर पट्टी एक खाच सैल करा, बहुतेक जण गरजेपेक्षा घट्ट बांधतात.